तोंडावरून कुत्रा ओळखणारी

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो अंथरुणाला खिळून होता, तेव्हाही तोंडातून निघालं नाही. तुम्हाला सांगते.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण कुत्र्यातलं मला कळतं, असं मी सगळीकडे सांगत फिरले. माझा बाप मेंढरं राखायचा. पिल्लू निवडताना कान बघायचा, जबडा उघडून टाळू बघायचा, पायांची नखं मोजायचा. टाळू काळी, नखं वीस – म्हणजे जनावर कडक. खरं होतं का ते? बापाला कुणी विचारलं नाही. मलाही नाही.

ऐंशीनंतरची वर्षं. नवरा फौजेत हवालदार, आम्ही जयपूरला क्वार्टरमध्ये. आमच्या लाइनीत दोन भटके कुत्रे होते. एक काळा – कान फाटका, एका डोळ्यात फूल पडलेलं, ओठ चिरलेला, त्यामुळे दात कायम बाहेर. दुसरा पांढरा, गुबगुबीत, गाईसारख्या डोळ्यांचा. मी बायकांना सांगून टाकलं होतं – काळ्यापासून पोरं लांब ठेवा, पांढऱ्याची हमी माझी.

शेजारची विमला तिकडचीच, शेखावाटीची. दर शनिवारी ती काळ्याला तेल चोपडलेली पोळी घालायची, शनीसाठी. मी हसायचे. ती म्हणायची, "भाभीजी, आदमी भी मुँह देखकर चुना था क्या?"

"आदमी बाप ने चुना. कुत्ता मैं चुनती हूँ."

तिची गुड्डी दोन वर्षांची, अजून धड बोलत नव्हती. एका दुपारी विमला नळावर गेली आणि गुड्डी माझ्या दारात बसली होती. पांढरा आला. मान खाली, जरा गप्प-गप्प – ते मला दिसलं होतं. दिसलं, तरी मी पोरीच्या हातात टोस्ट दिला. म्हटलं, दे त्याला, तो काही करत नाही.

त्याने तिचा हातच तोंडात धरला.

विमला धावत आली तोवर पांढरा पळाला होता. काळा पलीकडे भिंतीच्या सावलीत पडला होता. मी म्हणाले – काळ्याने चावलं.

का म्हणाले? टोस्ट मी दिला होता. हमी मी दिली होती. एवढंच.

विमलाला पटेना. "कालू? वो ऐसा नहीं है, भाभीजी." मी म्हटलं, त्याचं तोंड बघ. पुरुष काठ्या घेऊन निघाले, पण डॉक्टरांनी अडवलं. कुत्र्याला मारू नका, दहा दिवस बांधून ठेवा, पिसाळतो का बघा. तो धड राहिला तर पोरीला पोटात इंजेक्शनं द्यायला नकोत. काळ्याला बांधला. तो ठणठणीत होता. खायचा, प्यायचा. मी दिसले की शेपटीही हलवायचा.

त्याच दिवसांत पाण्याच्या टाकीमागे मला पांढरा दिसला – मेलेला. जबडा लोंबलेला, तोंडाशी फेस वाळलेला. मेंढरांमागे वाढलेल्या बाईला ते काय, हे कळत नाही? कळलं. अजून वेळ होता, इंजेक्शनं सुरू करता आली असती. एक वाक्य बोलायचं होतं. मी घरी आले आणि कणीक मळली.

काळा धड राहिला म्हणून त्याला सोडला. विमलाने देवाला नारळ फोडला.

पुढे काही आठवड्यांनी गुड्डी पाण्याचा पेला बघून किंचाळायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, चावला तो हाच कुत्रा होता का, नक्की? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हाच, मी म्हणाले.

ती दवाखान्यातून परत आली नाही. काळ्याला त्याच संध्याकाळी काठ्यांनी मारला. मी दार लावून घेतलं. आवाज येतच होता.

आमची बदली झाली तेव्हा विमला निरोप द्यायला आली. माझा हात धरून म्हणाली, "आपने तो मुँह देखकर ही पहचान लिया था, भाभीजी. मैं ही अंधी थी."

मी मान डोलावली.