डोंग्यात आठच माणसं

शकुनबाई गभणेंचं गाव धरणाच्या पाण्याला लागून आहे. पाणी चढलं तेव्हा घरं वाचली, पण निम्मी शेतं पलीकडच्या काठाला गेली. रस्त्यानं तिकडे जायचं तर चौदा किलोमीटरचा फेरा पडतो, डोंग्यानं, म्हणजे होडीनं, पंधरा मिनिटं लागतात. त्यामुळे धानाच्या रोवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, गावातल्या बाया नावाडी कैलाशच्या डोंग्यातूनच जायच्या.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट. डोंग्यात वीस माणसं दाटीवाटीनं बसली होती. शकुनबाईंची धाकटी जाऊ रुपा उशिरा काठावर पोचली.

"पुढच्या फेरीत ये," कैलाश म्हणाला.

शकुनबाई बाजूच्या बायांना म्हणाल्या, "सरका वं थोडं. ये रुपा, माझ्याजवळ बस."

मध्यावर वारा सुटला. एक लाट आत आली, बाया घाबरून उभ्या राहिल्या आणि डोंगा उलटला. जवळच जाळी टाकणाऱ्यांनी वीस जणांना वर काढलं. रुपा दुसऱ्या दिवशी सापडली.

कैलाशवर केस झाली. गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. शकुनबाईंनी काठावर काय झालं ते कुणाला सांगितलं नाही. बाकीच्या बायांना त्या गडबडीतलं आठवत नव्हतं, आणि कैलाशनंही तोंड उघडलं नाही.

त्यानंतर तहसीलमधून माणसं आली. डोंग्यात आठच माणसं, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, वारा असेल तर फेरी बंद, असा नियम लिहिलेला फलक काठावर लागला. जॅकेटं ग्रामपंचायतीच्या खोलीत आली आणि तिथेच राहिली. पुढच्या रोवणीला कैलाशच्याच डोंग्यात पुन्हा अठरा जणी बसलेल्या शकुनबाईंनी पाहिल्या. त्या स्वतः पाण्यावर जात नव्हत्या. पलीकडची कामं त्यांनी सोडली होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात ग्रामसभेला तहसीलच्या एक मॅडम आल्या. म्हणाल्या, "आम्ही रोज इथे उभं राहू शकत नाही. तुम्हाला हवा असेल तरच हा नियम चालेल."

पलीकडे सगळ्यात जास्त शेती आनंदरावांची. ते म्हणाले, "आठ-आठ माणसं नेत बसलो तर रोवणी दिवाळीले होईन, मॅडम."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "नियम कायले पायजे? चूक कैलाशची होती. त्यानं डोंगा भरला."

कैलाश भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान खाली घातली.

शकुनबाई उभ्या राहिल्या. "कैलाशनं रुपाले नाही म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "मीच बोलावली तिले. बायांले मीच सरकवलं."

रुपाचा नवरा टिकाराम पुढच्या रांगेत होता. तो उठला आणि कुणाकडे न पाहता बाहेर गेला. शकुनबाई उभ्याच राहिल्या.

"आपण बसतो म्हणून तो नेतो," त्या म्हणाल्या. "नियम कैलाशले नाही, आपल्याले पायजे."

त्या दिवशी ठराव झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून शकुनबाई एक कागद घेऊन घरोघरी फिरल्या. दोन घरांनी दार उघडलं नाही. एका घरी रुपाच्या मैत्रिणीनं विचारलं, "इतके दिवस गप काहून होत्या?" शकुनबाई म्हणाल्या, "भेव वाटलं." तिनं कागदावर सही केली. पंधरा दिवसांत त्रेचाळीस बायांनी लिहून दिलं की शेत कुणाचंही असो, नववी बाई डोंग्यात चढणार नाही.

तो कागद पाहून आनंदराव शकुनबाईंच्या घरी आले. "अन् टायमाचं काय?"

"सातपासून फेऱ्या करू. तुम्ही काम नऊले लावा."

"नऊले ऊन चढते."

"चढू द्या. बाया तं जित्या पोचतीन."

आनंदरावांना बायांशिवाय रोवणी होणार नव्हती. पुढच्या सभेत ठराव मांडला तो त्यांनीच. कैलाशच्या जोडीला आणखी एक डोंगा तपासून घेतला. जॅकेटं खोलीतून काठावर आली. लुगड्यावर ती चढत नाहीत, आत घाम येतो, अशी कुरकुर आठवडाभर चालली. दोनदा वाऱ्यामुळे फेऱ्या थांबल्या आणि अर्धा दिवस वाया गेला. त्यावरून भांडणंही झाली. पण नववं माणूस कुणी चढवलं नाही.

टिकाराम वर्षभर शकुनबाईंशी बोलला नाही. समोरून आल्या तर रस्ता बदलायचा. काठावर मात्र तो आपणहून यायला लागला. माणसं मोजायचा, जॅकेटचे पट्टे ओढून पाहायचा.

या वर्षीच्या रोवणीला शकुनबाई पहिल्यांदा पुन्हा पलीकडे निघाल्या. रांगेत त्यांचा नंबर आला तेव्हा टिकारामनं जॅकेट पुढे केलं. त्यांनी ते घातलं.

"पट्टा ढिला आहे, वहिनी," तो म्हणाला आणि त्यानं तो आवळून दिला.

कैलाशनं वल्हं पाण्यात घातलं. शकुनबाईंनी दोन्ही हातांनी डोंग्याचा काठ घट्ट धरला आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही.