परदेशी फक्त दोनच

माणूस खड्ड्यात पडतो, तेव्हा खड्डा निदान दुसऱ्याने खणलेला असतो. मी माझा खड्डा स्वतः खणला, आणि तोही शाईच्या पेनाने, सुवाच्य अक्षरात! चहा घ्या, सांगतो. पण हसायचं ते शेवटी. मध्येच हसलात तर मी उठून जाईन.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट असेल. मी मूळचा आष्टीचा. वर्ध्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि राहायचो नालवाडीला, सासऱ्यांकडे. होय, घरजावई! त्यात लपवायचं काय? बायको एकुलती एक, घर ऐसपैस, शाळा सायकलच्या टप्प्यात, आणि मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, किराणा दुकानातले फुटाणे हाताशी.

दुःख एकच. दोन वर्षं झाली तरी नालवाडीत मला नाव नव्हतं. न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे विचारायचे, "काय जवाईबुवा, बरं हाये ना?" जावई म्हणजे पाहुणाच की हो! आणि मला तर नालवाडीचा व्हायचं होतं. अगदी मनापासून.

त्यासाठी मी फुटबॉल निवडला.

माझा खेळ कसा होता, असं विचारू नका. उत्साह भरपूर होता. मी डाव्या बाजूला बचावाला उभा राहायचो, आणि चेंडू उजव्या बाजूने आला की आमचा बचाव अगदी भक्कम असायचा! तरी मी संघात होतो, कारण नालवाडीत दरवर्षी भरणाऱ्या स्पर्धेच्या कमिटीचे अध्यक्ष होते मामाजी. माझ्यापायी कमल परदेशी बाहेर बसायचा. चौकातल्या चहाच्या हॉटेलवाल्या परदेशीकाकांचा तो धाकटा मुलगा. थोरले दोघे, कैलास आणि किसन, म्हणजे आमच्या संघाचा कणा.

आदल्या वर्षी आष्टीच्या संघाने कामठीहून पाच खेळाडू आणले होते. कामठीची पोरं म्हणजे काय, रांगायच्या आधी फुटबॉल खेळणारी! त्यांनी आमची अशी धुलाई केली की तिसऱ्या गोलनंतर आमच्या गोलकीपरने चेंडूकडे पाहणंच सोडून दिलं. यंदा काहीतरी बंदोबस्त करायचा, म्हणून मामाजींच्या दुकानात बैठक बसली.

नेमकं त्याच आठवड्यात मी वाचनालयात एक इंग्रजी क्रीडा साप्ताहिक वाचलेलं. मग काय, घसा खाकरला.

"इटलीत एक नियम आहे."

"कुठं?" तिघांनी एकदम विचारलं.

"इटली. युरोपात. तिथले क्लब साऱ्या जगातून खेळाडू आणू शकतात. पण मग तिथल्या पोरांनी काय करायचं? म्हणून नियम केला. एका संघात परदेशी दोनच. बाकी नऊ घरचे."

बैठक गार! एकाच्या हातातली बिडी विझली तरी त्याला कळलं नाही.

"अन् इंग्लंडात?" मामाजींनी विचारलं. त्यांना आता गोडी लागली होती.

"तिथे शेजारच्या स्कॉटलंडचा खेळाडू घरचाच धरतात."

"म्हंजे सोयरा घरचा?"

पाहा, देवाने मला इथे एक संधी दिली होती. पण ज्ञान पाजळायला बसलेला मास्तर कधी थांबतो का?

"ते इंग्लंडात. आपण इटलीचा नियम घ्यायचा. सोयरंबियरं काही नाही. नियम म्हणजे नियम!"

"शिकलेला जवाई असला का असा फायदा होते," मामाजी सगळ्यांना म्हणाले. माझी छाती सदऱ्यात मावेना. त्याच बैठकीत मी नोटीस लिहिली: 'नियम सातवा. एका संघात परदेशी खेळाडू दोनच.' दुसऱ्या दिवशी तिच्या प्रती काढल्या आणि एसटीने गावोगाव रवाना केल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी परदेशीकाका दारात उभे. हातात नोटीस.

"मास्तर!"

जवाईबुवा नाही, मास्तर! मला एक क्षण फार बरं वाटलं. एकच क्षण.

"मास्तर, मले पोट्टे किती?"

"तीन."

"मंग हे काय लिहून ठेवलं? परदेशी दोनच? तिसऱ्याले काय विहिरीत ढकलू?"

इंग्रजीतल्या फॉरेनरचं मी बिनचूक मराठी केलं होतं, आणि आमच्या चौकात ते आडनाव चहा उकळत बसलंय हे साफ विसरलो होतो!

"काका, ते परदेशी वेगळे हो. इटलीतले!"

"इटलीत आमचं कोनी नाई. एक बहीण इटारसीले देली हाये, ते काई फुटबॉल खेळत नाई!"

"तसं नाही काका. परदेशी म्हणजे बाहेरचे..."

"आमी बाहेरचे? माह्या आज्याचा आजा याच गावात मेला! तुमचं कोन मेलं हो नालवाडीत?"

मी आठवून पाहिलं. माझं नालवाडीत कोणीच मेलेलं नव्हतं.

तेवढ्यावर भागलं नाही. चार दिवसांनी आष्टीच्या संघाचं पोस्टकार्ड आलं: 'सातवा नियम मान्य. आपल्याकडील तीन परदेशींपैकी कोणते दोन खेळणार, ते कळवावे.' कार्ड सगळ्या गावाने वाचलं. हॉटेलात मला चहा मिळेना. मामाजी जेवताना माझ्याशी बोलेनात, नुसती भाकरी मोडत राहिले.

शेवटी मी दुरुस्तीची नोटीस काढायचं ठरवलं. यंदा आष्टीवाले कामठीच्या एका खेळाडूचं आपल्या गावात लग्न लावून त्याला घरचा करणार, अशी आवई तेव्हा उठलेली होती. म्हणून मी वकिलासारखा सगळ्या वाटा बुजवत लिहिलं: 'परदेशी म्हणजे ज्याचा जन्म त्या गावात झालेला नाही असा खेळाडू. लग्न, नोकरी, वास्तव्य, यांपैकी कोणतीही सबब चालणार नाही.'

परदेशीकाकांनी ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहून हसले. "आता बरोबर हाये," म्हणाले आणि स्वतःच्या हाताने चहा दिला. मला वाटलं, माणूस किती मोठ्या मनाचा!

फायनलला आम्ही आणि आष्टी. मैदान गच्च. आमच्याकडे बाहेरचे बरोबर दोन होते. गोलकीपर रेल्वेतला, जन्म बिलासपूरचा. आणि पुढे खेळणारा, खास फायनलपुरता, एक कामठीचा. हो, हो, आम्हीही आणला होता! नियमात बसवून. मी नवी जर्सी घालून रांगेत उभा राहिलो आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या सौभाग्यवतीकडे पाहून हात हलवला.

एवढ्यात आष्टीचा कप्तान गुणवंता कमिटीच्या टेबलापाशी गेला. हा माझा बालमित्र, शाळेत एका बाकावरचा.

"अध्यक्षसाहेब, हरकत हाये. यायच्यात बाहेरचे तीन हायेत."

"तिसरा कोण?" मीच ओरडलो. अन्याय मला सहन होत नाही.

"तू!"

"अबे गुणवंता, मी इथं राह्यतो! माहं लगन इथं झालं!"

त्याने खिशातून माझी नोटीस काढली आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी वाचली. "लग्न, नोकरी, वास्तव्य, यांपैकी कोणतीही सबब चालणार नाही. वा! अक्षर काय मस्त हाये बे तुह्यं!"

मी काही बोलणार तोच गर्दीतून परदेशीकाकांचा खणखणीत आवाज आला. "वरात आष्टीहूनच आलती! म्या सोता जेवाले वाढलं होतं!"

सगळ्या नजरा मामाजींकडे वळल्या. माझीही. ते काहीतरी वाट काढतील, याची मला खात्री होती. सख्खा जावई, एकुलत्या एक मुलीचा नवरा!

"हरकत मंजूर," मामाजी म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही. "जवाईबुवा, बाहेर या. कमल, तू जाय."

खोटं नाही सांगत, त्या अपमानातही माझे डोळे भरून आले. काय न्यायी माणूस! स्वतःच्या जावयालाही सूट नाही! असा सासरा मिळायला भाग्य लागतं, असं मनात म्हणत मी जर्सी उतरवून कमलच्या हातात दिली आणि बनियनवर दोरीपाशी उभा राहिलो.

एक शेवटचा प्रयत्न म्हणून गुणवंताला म्हटलं, "मंग मले तुमच्याकडून तरी खेळू दे. जन्म तं आष्टीचाच हाये ना?"

"आमी तुले नालवाडीले देऊन टाकलं," तो म्हणाला. "देलेली वस्तू वापस घेत नसते, राजा."

खेळ सुरू झाला. कैलासने चेंडू किसनला दिला, किसनने कमलला, आणि माझ्याच जर्सीतल्या कमलने तो जाळ्यात धाडला! तेवढ्या एका गोलने आम्ही जिंकलो. परदेशी दोनच, असं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तिन्ही परदेशी नालवाडीच्या खांद्यावर नाचत होते, आणि मी बनियनवर टाळ्या वाजवत होतो.

गर्दी पांगल्यावर गुणवंता मामाजींना नमस्कार करायला आला. मी शेजारीच होतो.

"चुकलंच आमचं, अध्यक्षसाहेब," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "हरकत घेतली नसती अन् हा खेळला असता, तं कप आज आष्टीले होता."

मला असा राग आला! पण म्हटलं, आपण गप्प राहावं. जावयाचा अपमान झाला, आता सासरा बोलेल.

आणि मामाजी बोलले.

"मले बी तेच भेव होतं ना बाप्पा," त्यांनी गुणवंताच्या पाठीवर थाप मारली. "तू हरकत कवा घेतं म्हणून सकाळपासून तुह्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो!"