दुसऱ्या प्रतीतली हाळी

माझा मामा मालवाहू बोटीवर इंजिनखोलीत तेल घालायचं काम करायचा. जन्मभर समुद्रावर काढून तो पलूसला परत आला, तेव्हा त्याच्याजवळ एक लोखंडी पेटी होती आणि तिच्यात जमैकाच्या साठ-सत्तर तबकड्या. रेगे नावाचं तिकडचं संगीत. गावात कुणाला हा शब्द ठाऊक नव्हता. मी तेव्हा विश्रामबागच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्रयोग घ्यायचे आणि रविवारी एसटीने मामाकडे जायचे. मामा एकटा राहायचा. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर एका स्पीकरचा जुना रेकॉर्ड प्लेअर, बाकी भिंती मोकळ्या.

त्या तबकड्यांचा काही भरवसा नसे. एकीचं भोक मधोमध पाडलेलं नव्हतं, म्हणून गाणं पाळण्यात बसल्यासारखं वरखाली व्हायचं. एकीच्या लेबलावर एक गायक आणि आत भलताच. काहींत इतकी खरखर, की तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटताहेत असं वाटे. आणि एकच गाणं दोन तबकड्यांवर कधी सारखं नसे. एकीवर गायक सगळं गायचा, दुसरीवर अर्ध्या ओळीत त्याचा आवाज कापलेला, मागे नुसता ढोल, आणि मग तो तुटलेला शब्द विहिरीत पडल्यासारखा लांब लांब जायचा.

"तकडं गाणं एकदाच म्हणत्यात," मामा सांगायचा, "आन मग धा वेळा कापत्यात. ज्याच्या हातात यंत्र, त्याचं गाणं."

एका गाण्याच्या त्याच्याकडे दोन प्रती होत्या. पहिली त्याने किंग्स्टनच्या बंदराजवळ एका मित्रासोबत घेतली होती. दुसरी तीन वर्षांनी बोट पुन्हा त्या बंदराला लागली तेव्हा, त्याच दुकानात. लेबल तेच. तरी दुसरीत ढोल पुढे आलेला आणि कडव्याच्या शेवटी काहीतरी गढूळ घरघर. खराब छपाई म्हणून आम्ही ती सोडून द्यायचो.

हा मित्र विट्याच्या पलीकडच्या कोरड्या भागातला, मेंढपाळाच्या घरचा. जिथे प्यायला पाणी नाही तिथला माणूस समुद्रावर आला म्हणून बोटीवर सगळे त्याला हसायचे. पहिली प्रत घेतली त्याच मुक्कामानंतर बोट बंदरातून सुटली, आणि सकाळी हजेरीला तो नव्हता. त्याची वळकटी जागेवर होती, चपला जागेवर होत्या. कप्तानाने समुद्रात पडला असं लिहिलं. मामाने परत आल्यावर त्याच्या बायकोला तेच सांगितलं.

मार्चमधली गोष्ट. प्लेअरचा आवाज अर्धा झाला म्हणून मी कॉलेजातून तारा जोडायची डागणी घेऊन गेले. सुईच्या मागे केसासारख्या चार बारीक तारा असतात. डाव्या बाजूच्या दोन, उजव्या बाजूच्या दोन. त्यातली एक जोडी तुटली होती. मी ती जोडली, आणि हाताला लागली तीच दुसऱ्या प्रतीची तबकडी लावली.

ढोल वाजला. गायक मात्र नव्हताच.

ऊन भगभगत होतं, समोरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. गाण्याच्या मधोमध, जिथे गायकाचा आवाज हवा, तिथे रिकामी जागा होती. तो जिथे गात असेल त्या खोलीचा घुमारा मात्र ऐकू येत होता. जणू माणूस उठून गेलाय आणि त्याच्या बसण्याची ऊब राहिलीय. मग कडवं संपलं, आणि एका कडेने कुणीतरी हाळी दिली. जिभेच्या शेंड्यावर थरथरवलेली, लांब, शेवटी एकदम वर जाणारी. मेंढरांना द्यायची हाळी.

मामा चहाची बशी खाली ठेवायला विसरला. चहा त्याच्या धोतरावर सांडला, तरी तो हलला नाही.

"परत लाव," तो म्हणाला.

मी परत लावली. हाळी परत आली. मग मी तारा पाहिल्या. मी एक जोडी उलटी जोडली होती. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज त्यामुळे एकमेकाला मारतो आणि जे फक्त एका कडेला आहे ते उरतं. हे मी वर्गात शिकवू शकले असते. तारा सुलट केल्या. गायक परत आला, आणि त्याच्याखाली ती जुनी गढूळ घरघर. पुन्हा उलट्या केल्या आणि पहिली प्रत लावली. तिच्यात सगळंच मेलं, नुसती खरखर. त्या प्रतीत डाव्या-उजव्या दोन्हीकडे एकच आवाज होता. हाळी कुठेच नव्हती.

"मामा, दुसरी प्रत तुम्ही तीन वर्षांनी घेतली ना?"

"व्हय."

"म्हणजे हे नंतर घातलंय."

मामाने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "तो डेकवर अशीच हाळी द्यायचा. लाटास्नी. आमी हसायचो."

मी म्हटलं, जगात मेंढपाळ काय इथेच आहेत? आणि ते लोक यंत्रातून कशाचाही आवाज कसाही करतात. मामा ऐकत होता, पण तबकडीकडे बघत. शेवटी म्हणाला, "वैनीला बोलवाय पायजे. म्या तिला बुडाला म्हणून सांगितलंय. माझ्या तोंडानं."

मला ते पटत नव्हतं, तरी पत्र मीच लिहिलं. त्यात एवढंच लिहिलं, की एक आवाज ऐकायला या.

ती पुढच्या रविवारी एकटीच आली. पन्नाशीची, उंच, हातात पिशवी, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा गेल्याची बातमी आल्यावर सासरच्यांनी कुंकू पुसायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मढं दावा, मग पुसते." मढं कुणी दाखवू शकलं नाही. वीसेक वर्षं ती तशीच राहिली होती.

पाणी दिलं, तर तिने तांब्या नुसता बाजूला ठेवला. "लावा दादा," ती मामाला म्हणाली.

तारा मी उलट्याच ठेवल्या होत्या. ढोल सुरू झाला तशी ती दाराकडे बघू लागली, आवाज तिकडून येणार असल्यासारखी. रिकामं कडवं गेलं. हाळी आली.

तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त तिचे ओठ किंचित उघडले आणि हाळीच्या शेवटी, जिथे आवाज वर जातो, तिथे तिने बरोबर त्याच क्षणी श्वास आत ओढला. मग मलाही ऐकू आलं. तबकडीतल्या माणसानेही तिथे श्वास आत ओढला होता. इतक्या वेळा ऐकून मला तो कळला नव्हता.

"ह्ये कवाचं हाय?" तिने विचारलं.

मामाने मान खाली घालून सांगितलं. "तो गेल्यावरचं वैनी. तीन वर्साच्या आतलं."

"म्हंजी तवा जिता व्हता."

"तसं दिसतंय. पर खात्री न्हाई."

"मला हाय." ती उठली. "लय बेस वाटतंय आवाजावरनं. पोट भरल्यालं हाय त्याचं."

मी घाईघाईने म्हटलं, "हवी तर तबकडी तुम्ही न्या. वाजवायची सोय मी करते."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. "पुन्ना लावू नगा," ती मामाला म्हणाली. "कुनालाच." आणि पदर सारखा करून स्टँडकडे चालू लागली. मामा तिच्यामागे फाटकापर्यंत गेला, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

मामाने ती तबकडी कापडात गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी घातली. मी तारा सुलट केल्या. नंतर एक-दोनदा मला एकटीला वाटलं, काढावी आणि ऐकावी. पण त्या खोलीत हात पेटीकडे जाईना.

दोन वर्षांनी विट्याच्या स्टँडवर ती मला दिसली. कपाळ मोकळं होतं, गळाही. मला वाटलं कुठूनतरी बातमी आली असेल. म्हणून मी चाचरत विचारलं. ती म्हणाली, "बातमी कशाची? तुमच्यातनं आले, त्याच दिशी पुसलं. बुडाल्याची वाट बघता येती बाई. जिता असून येत न्हाई, त्याची कशी बघू?"

तिची गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून ती थांबली आणि मागून लोक ढकलत असताना मला विचारलं, "तकडं बी मेंढरं असत्यात का?"

"शेळ्या असतात, असं मामा म्हणतो."

"शेरडं," ती म्हणाली, आणि आत जाऊन बसली.