उजव्या कानातली गिटार

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नक्षलग्रस्त भागात, सिरोंचा रस्त्यावरच्या एका पोस्टवर वायरलेस ऑपरेटर होतो. हुद्दा नाईक, गाव मूल. पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, सहाला चहा, साडेसहाला सेट टेस्ट. सातला रोड ओपनिंग, म्हणजे वाहनं जाण्याआधी पायी जाऊन रस्ता तपासायचा.

माझ्या पुढे लान्स नाईक रफीक शेख चालायचा. वरोऱ्याचा. त्याचे वडील टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. गिऱ्हाईक टेपमध्येच विसरून गेलेल्या कॅसेट ऐकत रफीक वाढला. बहुतेक साठ-सत्तरच्या दशकातलं इंग्रजी रॉक. माझं इंग्रजी वायरलेसपुरतं. एका दुपारी बराकीत त्याने वॉकमनचा हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला.

"मले शब्द समजून नाई राह्यले," मी म्हणालो.

"शब्द सोड. गिटार काय बोलून राह्यली ते ऐक."

दोन गिटारी होत्या. एक डाव्या कानात, एक उजव्या. उजवीकडची एकदम वर चढली आणि तिथेच थरथरत राहिली. माझे वडील गेले तेव्हा मी ड्युटीवर होतो. रडलो नव्हतो. त्या दुपारी बूट पॉलिश करता करता रडलो. गाणं संपल्यावर रफीकने कॅसेट उलटून लावली.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही मिळेल ते ऐकलं.

त्या मंगळवारी आम्ही अकरा जण निघालो. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी रिपोर्ट दिला, "मोरीपर्यंत रस्ता क्लिअर. ओव्हर." रफीक मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, चढला.

स्फोटाचा आवाज मला आठवत नाही. मी आडवा होतो, तोंडात माती. सागाची पानं खाली पडत होती, अगदी शांत. जवानांची तोंडं उघडी दिसत होती. गोळीबार सुरू आहे हे रायफलींच्या धक्क्यांवरून कळलं. मी सेट तोंडाशी धरला. "मोरीवर ब्लास्ट. कॅज्युअल्टी. मदत पाठवा." उत्तर ऐकू येत नव्हतं, म्हणून तेच बोलत राहिलो.

रफीक दहा पावलांवर पडला होता. सरपटत गेलो. कमरेखाली बघवत नव्हतं. त्याने माझी कॉलर धरली आणि बोलायला लागला. सावकाश, समजावून सांगावं तसा. "ऐकू नाई येऊन राह्यलं," मी म्हणालो असेन. तो बोलतच होता. मग ओठ थांबले.

शिपाई देवाजी मडावी आणि शिपाई सुनील कोवे जागीच गेले होते.

नागपूरच्या हॉस्पिटलात तीन आठवड्यांनी डावा कान उघडला. घरी येऊन त्याच गाण्याची कॅसेट हेडफोनवर लावली. एकच गिटार. वायर तपासली, टेप उघडून पाहिला. मग हेडफोन उलटा घातला. दुसरी गिटार आली, पहिली गेली. उजवा कान गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतंच, पण मला ते तेव्हा कळलं.

नंतर वरोऱ्याला गेलो. रफीकच्या वडिलांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

"जाता जाता काई बोलला का?"

खोटं सांगायचं ठरवून गेलो होतो. बसमध्ये वाक्यही तयार केलं होतं. जमलं नाही.

"बोलला, चाचा. बराच वेळ बोलला. पण मले काईच ऐकू नाई आलं. हा कान तर गेलाच."

त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला.

"बोलत बोलत गेला म्हणजे," ते म्हणाले.

मग उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले, आणि संध्याकाळपर्यंत रफीकचं लहानपण सांगत राहिले.