आरपार गेलेली गोळी

खिडकीच्या फळीवर रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या उभ्या आहेत. आखूड, जाड आहे ती बापूची, माझ्या शिकारीतल्या जोडीदाराची. लांब, किंचित बारीक ती माझी. ऊन त्यांच्या तोंडातून आत उतरलं आहे आणि जुनं पितळ पाण्यासारखं हलतं आहे.

बापूची जड गोळी सावकाश जाई आणि रानडुकराच्या अंगात रुतून बसे. माझी वेगाने आरपार निघून जाई. शिकारीला परवानगी होती तेव्हा एका डुकरावर आम्ही दोघांनी एकेक बार काढला; या पुंगळ्या त्याच बारांच्या. आमच्याकडचा रिवाज असा, की ज्याची गोळी अंगात सापडेल त्याला मुंडीचा मान. मुंडी बापूने नेली. बाजारात कुणाला चार आणे न सोडणारा मी, ती मुंडी कशी सोडणार? मी भांडलो आणि आमचं बोलणंच तुटलं.

वाराही झाडातून आरपार जातो. हाती लागत नाही म्हणून तो आलाच नव्हता, असं कोण म्हणेल?

आज इतक्या वर्षांनी बापू आला. दोन्ही पुंगळ्या त्याने उजेडात धरल्या.

"तुझ्याच गोळीने पडलं रे ते," तो म्हणाला. "माझी लागली तेव्हा ते बसलेलंच होतं."

"मग तेव्हा का बोलला नाहीस, मेल्या?"

"तू विचारलंस कुठे? नुसता ओरडलास."

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस जरा," मी म्हणालो. "आता विचारतो."