हरवलीस तर सामानापाशी ये

या पानावरचे अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात "चल, काहीही!" म्हणते. आत्मे, संकेत, सावल्या... आपला काही संबंध नाही बाप्पा. नागपूरच्या उन्हात वाढलेली बाई आहे मी, अशी तशी घाबरत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते कुठेतरी लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही ब्रॅम्पटनला राहतो – मी, नवरा नितीन आणि आमची सात वर्षांची रेवा. मागच्या वर्षी आई नागपूरहून आली, पहिल्यांदाच एकटी. बाबा त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आई इथे आली आणि नुसती खिडकीशी बसून राहायला लागली. मग नितीनने टूम काढली की या उन्हाळ्यात ऑन्टॅरिओतली जमतील तेवढी वॉटर पार्क पालथी घालायची. मला वाटलं आई नको म्हणेल. तर ती म्हणते, "मी पाण्यात उतरीन हं. जन्मभर काठावर बसली मी तुझ्या बाबांसोबत."

आता बाबांचं सांगायला हवं. आपल्या लोकांच्या सहलीत एक माणूस ठरलेला असतो – सामान राखणारा. लॉकर असतात, पण लॉकर घेईल तो आपला माणूस कसला! आमच्याकडे हे काम बाबांचं. नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरी केलेला माणूस, सामान म्हणजे जीव की प्राण. दोघं इथे येऊन गेले तेव्हाही बाबा वॉटर पार्कात खुर्चीवर बसून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, बॅगांवर पहारा देत होते. वर बॅगांचे पट्टे एकमेकांत ओवून पायजम्याच्या नाडीने खुर्चीच्या पायाला बांधायचे! आजूबाजूचे गोरे बघत राहायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती गाठही अशी की दुसऱ्या कुणाच्या बापाला सुटायची नाही. रेवाला त्यांनी एकच नियम शिकवला होता – "बेटा, हरवलीस तर कुठे शोधत फिरू नको. सरळ सामानापाशी ये. मी आहेच."

तर पहिलं पार्क नायगराच्या बाजूचं. (नावं देत नाही, पार्कांची काही चूक नाही.) तोबा गर्दी. खुर्च्यांसाठी लोक सकाळपासून टॉवेल टाकून बसलेले. आम्हाला कशीबशी एक मिळाली. त्यावर सामान टाकलं आणि चौघंही पाण्यात. मला वाटलं, खुर्ची काही आता राहत नाही. दुपारी परत आलो तर जशीच्या तशी! शेजारचा एक जाडा गोरा म्हणाला, "मी घेणारच होतो, पण इथे बसलेले गृहस्थ म्हणाले, टेकन आहे." मी म्हटलं असेल कुणी भला माणूस. थँक्यू म्हटलं, सोडून दिलं.

दुसरं बॅरीच्या पलीकडचं. तिथे सीगल पक्षी म्हणजे दरोडेखोर. आजूबाजूच्या सगळ्यांच्या पिशव्या फाडलेल्या, चिप्स पसरलेल्या. आमच्या पिशवीत आईच्या तिखटमिठाच्या पुऱ्या, पिशवी उघडी, आणि एकाही पुरीला चोच नाही. तिथली लाइफगार्ड मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुमच्या डॅडना सावलीत बसवा, ऊन फार आहे." मी म्हटलं, माझे वडील नाहीत इथे. ती खुर्चीकडे बघून गोंधळली, सॉरी म्हणाली आणि गेली.

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. गाडीत नितीनला सांगितलं तर तो म्हणे, "अगं, इथल्या लोकांना सगळे देसी म्हातारे सारखेच दिसतात." मी म्हटलं, "खुर्ची रिकामी होती नितीन! कोणता म्हातारा?" मागच्या सीटवर आई जागी होती. सगळं ऐकत होती. पण त्यानंतर कुठल्याही पार्कात माझं लक्षच लागेना. लेझी रिव्हरच्या संथ वाहत्या पाण्यात ट्यूबवर पडले तरी मान आपली खुर्च्यांकडे. नितीन चिडून म्हणाला, "पैसे देऊन मान आखडून घ्यायला आलीस का?"

आणि मग लंडनजवळचं पार्क. इंग्लंडचं नाही, आमचं ऑन्टॅरिओतलं लंडन. ऊन रखरखत होतं आणि एकाएकी ढग गडगडला. इथे गडगडलं की विजेच्या भीतीने सगळ्यांना लगेच पाण्याबाहेर काढतात. शिट्ट्याच शिट्ट्या, भोंगे, "एव्हरीबडी आउट!" शेकडो ओली माणसं सैरावैरा पळायला लागली. मी वेव्ह पूलमधून बाहेर आले, समोरून नितीन आला. मी विचारलं, "रेवा?" तो म्हणाला, "तुझ्याकडे होती ना?"

ज्यांची मुलं कधी हरवली असतील त्यांना माहीत आहे. नितीन स्लाइडकडे धावला, मी लहान मुलांच्या पूलकडे, मग वॉशरूमकडे. प्रत्येक गुलाबी स्विमसूटवाली मुलगी धरून धरून बघत होते. एका बाईने मला ढकललं सुद्धा. पाऊस सुरू झाला होता आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त ते मोकळं, हलणारं पाणी. आई मागून ओरडत आली, "सामानापाशी जा गं! सामानापाशी!"

मला आठवलंच नव्हतं. देवाशपथ आठवलं नव्हतं.

रेवा तिथेच होती. छत्रीखाली, खुर्चीवर, मांडी घालून. टॉवेल डोक्यावरून घेऊन मानेशी गुंडाळलेला. मी तिला कवटाळून ढसाढसा रडले. ती म्हणाली, "आय केम टू द बॅग्ज, आई. लाइक आजोबा सेड." शेजारी एक पंजाबी बाई आपलं सामान आवरत होती. म्हणाली, "रोओ मत बेटा, अंकलजी बैठे थे ना इसके पास. मैंने कहा बच्ची को ऑफिस में ले जाऊँ? बोले, नहीं, इसकी माँ यहीं आएगी. सिर पे गमछा बाँधा था. अभी तो यहीं थे..."

मी रेवाला विचारलं, "कोण होतं तुझ्याजवळ?"

"नोबडी," ती म्हणाली. "बट आय वॉजन्ट स्केअर्ड."

नितीन धापा टाकत आला आणि घाईघाईने बॅग उचलायला गेला. बॅग उचलली जाईना. तिन्ही बॅगांचे पट्टे एकमेकांत ओवून खुर्चीच्या पायाला बांधलेले होते. नाडीने. ती नाडी नितीनच्याच ट्रॅक पँटची. पँट बॅगेत घडी करून ठेवलेली, घडी न मोडलेली, आणि नाडी तेवढी बाहेर. नितीनने ओढून पाहिलं, दातांनी पाहिलं. आई खाली बसली, एक टोक धरून हलकेच खेचलं आणि गाठ सुटली. ती नाडी मुठीत धरून आई त्या पावसात बसूनच राहिली. बाबा गेल्यावर ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

येताना गाडीत नाडी आईच्या मुठीतच होती. घराजवळ आल्यावर आई एकदम रागाने म्हणाली, "काहून बसतात जी अजून? किती वर्षं राखायचं दुसऱ्यांचं सामान? आता तरी मोकळं व्हावं ना माणसानं!" पुढच्या पार्कात तिने हट्टाने लॉकर घ्यायला लावला. सगळं आत कोंबलं, किल्ली स्वतःच्या मनगटाला अडकवली आणि लॉकरच्या दाराला हात लावून, निरोप द्यावा तसं हळूच म्हणाली, "झालं. या आता."

त्या दिवशी काही झालं नाही. त्यानंतरही कुठेच नाही. कुणी खुर्ची राखली नाही, कुणी मला माझ्या डॅडबद्दल सांगितलं नाही. आई आता नागपूरला परत गेली आहे, फोनवर छान हसते. नितीन अजून म्हणतो, कुणीतरी देसी काका असतील. नाडीचं विचारलं की उठून चहा टाकायला जातो. मला काहीच कळलेलं नाही, आणि कुणी समजावून सांगावं असंही आता वाटत नाही.

फक्त एक गोष्ट छळते. त्या लॉकरवाल्या दिवशी पाण्याकडे जाताना रेवाने माझा हात ओढला होता. सगळीकडे खुर्च्याच खुर्च्या, लोकांच्या टॉवेलांनी भरलेल्या, आमची एकही नाही. तिने विचारलं, "बट आई, इफ आय गेट लॉस्ट नाउ, व्हेअर डू आय गो?"

मी तिचा हात घट्ट धरला. दिवसभर सोडला नाही.