घणसोलीचं ध्यान, वाशीचा कांदा

चिपळूणहून गाडी सुटली तेव्हा मी प्रवासी म्हणून बसलो होतो. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला ते जरा जडच जातं. पण कारणच तसं होतं. माझ्या डाव्या पायाला मुंग्या येतात. कंबरेचा एमआरआय झाल्याशिवाय ऑपरेशनचं काहीच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि मी त्या मशीनच्या बोगद्यातून दोनदा ओरडत बाहेर आलेलो. तिसरी तारीख शनिवारी, बेलापूरला. त्याआधी बाबांनी ध्यान शिकायचं, हे माझ्या मुलीनं, स्मितानं, परस्पर ठरवून टाकलं होतं.

स्मिता घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहते. गाव म्हणजे खरंच गाव! समोरून कोणी आलं तर एकानं ओट्यावर चढून वाट द्यावी, एवढ्याच गल्ल्या. आणि मान वर केली की टॉवरच टॉवर. मला तर बघताक्षणी आवडलं. घरमालकीणबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकट ताटात वाढली. मी नको म्हणतोय तोच म्हणाल्या, "पोटान (पोटात) काय नसंल त ध्यान कसा लागंल, भाऊ?" यावर मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या बुद्धविहारात वर्ग होता. शिकवणाऱ्या शोभाताई मूळच्या परभणीकडच्या. दिवसा वाशीच्या एपीएमसी मार्केटात कांदा निवडतात आणि गुरुवारी संध्याकाळी इथे ध्यान शिकवतात. आम्ही दहाजण सतरंजीवर बसलो. डोळे मिटा, नाकाशी लक्ष ठेवा, श्वास आला, श्वास गेला. बाकीचे शांत. मी मात्र आत चढणाऱ्या प्रत्येक श्वासाला तिकीट विचारायला लागलो. तिसऱ्या-चौथ्यालाच छाती आवळली. मी उठलो आणि थेट बाहेर पायरीवर येऊन बसलो. लाज वाटत होती, आणि शनिवारची भीती तर दुप्पट झाली होती.

वर्ग संपल्यावर शोभाताई शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना कंबर, मशीन, शनिवार, सगळं सांगून टाकलं.

"सगळ्यांना नाय जमत श्वास, दादा. मला तरी कुठं जमायचा? मी दम्याची पोर. श्वास बगायला बसले की खोकलाच यायचा."

"मग तुम्ही काय करता?"

"उद्या मार्केटला या सकाळी. टेन्शन नका घेऊ."

शुक्रवारी सकाळी मी एपीएमसीत! काय तो पसारा! ट्रकमागून ट्रक, डोंगराएवढे कांद्याचे ढीग, हवेत तरंगणारी टरफलं, आणि पाठीमागून सतत "बाजू, बाजू!" शोभाताईंनी माझ्या कंबरेचा विचार करून एक पालथं क्रेट दिलं आणि पुढ्यात कांदे ओतले.

"डोळ्यानं नका बगू. देठाशी अंगठा दाबा. टणक तिकडं, मऊ इकडं. गोल्टी (बारीक कांदा) वेगळी."

हे काय ध्यान, असं मनात म्हणत मी सुरुवात केली. पाच मिनिटांतच मशीन आठवलं, आणि एक सडका कांदा चांगल्यांत गेला. शोभाताईंनी मान वर न करताच तो काढला.

"मन गेलं बगा. जाऊ द्या. पुढचा कांदा घ्या."

रागावणं नाही, पहिल्यापासून करा नाही. मन जातच होतं. मी पुढचा कांदा घेत होतो. अंगठ्याखाली टणक, टणक, मऊ, टणक. चहा आला तेव्हा कळलं की तास उलटून गेलाय, आणि एवढा वेळ माझा श्वास मला न विचारता बिनबोभाट चालला होता! आनंदानं उठून मी ही बातमी समोरच्या हमालाला सांगितली. तो म्हणाला, "काका, आधी बाजूला व्हा."

निघताना शोभाताईंनी मशीनसाठीचा धडा दिला. "आत कांदा नसंल, हातबी हलवायचा नाय. टाच कुठं टेकली ते बगा. मग पोटरी, मग पाठ. गार का गरम, कडक का मऊ. आवाज आले तर तेबी निवडा, जाड आणि बारीक. मन पळालं तर पुढची जागा."

शनिवारी बेलापूरला मशीनवरच्या मुलीनं माझ्या हातात रबरी फुगा दिला. "घाबरलात तर दाबा, काका." फळी आत सरकली आणि छत नाकाशी आलं. टाच, म्हटलं. टाच गार. पोटरी, कडक. मशीन ठोकायला लागलं. जाड आवाज, बारीक आवाज. मन दोन-तीनदा कशेडी घाटात जाऊन आलं. प्रत्येक वेळी पुढची जागा घेतली.

मग एकाएकी सगळं शांत झालं. मी वाट पाहिली. आणखी पाहिली. गाडी उगाच उभी राहिलेली मला कधीच खपलेली नाही. हाताची सवय ती. मी फुगा दोनदा दाबला.

कानात त्या मुलीचा घाबरा आवाज आला. "काका! काय होतंय? बाहेर काढू?"

"छे हो! डबल बेल दिली. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. चला!"

ती इतकी हसली की मलाच तिला सांगावं लागलं, मी हलता कामा नये, हसवू नका. उरलेली तपासणी सुरळीत पार पडली.

दुसऱ्या दिवशी फिल्मचं मोठं पाकीट मांडीवर घेऊन मी चिपळूणला परतलो. वाटेत शेजारच्या दोघांना कांद्याची पद्धत शिकवून झाली होती. ऑपरेशन लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील. श्वासावर ध्यान मला आजही जमत नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही. दारात बायकोनं विचारलं, "झालं?"

"झालं. पूर्ण."

मागच्या दोन्ही वेळी ती "असू दे हो" म्हणून हसली होती. आता तिनं पाकीट घेतलं, उघडलं नाही, खाली बसली आणि ढसाढसा रडायला लागली. इतके दिवस घाबरलेला मी एकटाच आहे, असं मी समजत होतो.